दाजींचा कान, हिचा ग्लुकोमीटर

चौतीस वर्षं मी वीज मंडळात मीटर तपासले. चकती फिरायची तेव्हापासून ते लाल दिवा लुकलुकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मीटरपर्यंत. लोकांची तक्रार एकच असायची, मीटर पळतंय. "साहेब, आमचं मीटर हळू चालतंय, जरा बघा", असं सांगायला एकही ग्राहक माझ्या टेबलापाशी आला नाही. निवृत्त झालो, वाटलं सुटलो. मग गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आमच्या बोक्याला मधुमेह निघाला आणि हातात पुन्हा मीटर आलं. आणि हे मीटर खरोखरच हळू चालतं.

बोक्याचं नाव दाजी. नारायण पेठेत, केळकर रस्त्याच्या आतल्या बाजूला आम्ही राहतो. दहा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात हा भगवा प्राणी जिन्यात येऊन बसला. दिलेलं दूध नाकारलं, मासे मागितले, आणि गेलाच नाही. ही म्हणाली, हे तर जावयाचं वागणं. तेव्हापासून दाजी, आणि तेव्हापासून अहो-जाहो. नसबंदी झालेली, वजन साडेसहा किलो, दिवसभर सोफा. मध्यंतरी खाजेसाठी दोन-तीनदा लांब पल्ल्याची स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली होती. बोका, जाडी आणि स्टेरॉइड, तिन्ही गोष्टी मधुमेहाला आमंत्रण देणाऱ्या, हे नंतर कळलं. मार्च-एप्रिलमध्ये पाण्याचं भांडं दोनदा भरावं लागायला लागलं. वाळूत लघवीचे गोळे संत्र्याएवढे. खाणं वाढलेलं आणि वजन मात्र उतरणीला. उन्हाळा आहे, म्हणून आम्ही महिना काढला. मग दाजी मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागले, सशासारखे, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिले, तेव्हा रिक्षा केली.

डॉक्टर मॅडमनी इन्शुलिन सुरू केलं, ग्लार्जिन, दिवसातून दोनदा, एक-एक युनिट. आणि म्हणाल्या, "काका, घरी शुगर बघायला शिका." मी विचारलं, कशावर? हिच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "काकूंचं मीटर आहे ना?"

तर हे परीक्षण त्या मीटरचं. माणसांचं, साधं, औषधांच्या दुकानात मिळतं ते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते त्या जातीच्या बहुतेक मीटरांना लागू आहे, आणि एकाच कंपनीला शिव्या किंवा हार घालण्यात अर्थ नाही. चौदा महिने वापरलं. रक्ताचा थेंब ज्यावर घ्यायचा त्या पट्ट्या हजाराच्या आसपास संपल्या. पन्नास पट्ट्यांची डबी मला साडेनऊशेला पडते, म्हणजे एकोणीस हजार रुपये. ही आकडा ऐकून म्हणाली, "माझ्यावर एवढ्या पट्ट्या खर्च केल्या असत्या तर मी बरी झाले असते."

आता मीटरबद्दल. पहिल्याच आठवड्यात मी जे आयुष्यभर केलं तेच केलं, मीटर तपासायला घेतलं. एकाच कानाच्या एकाच टोचणीतून तीन पट्ट्या लागोपाठ लावल्या: २१२, २३१, २१९. एकाच रक्ताचे तीन आकडे! घरगुती वीज मीटरला एक टक्का चूक माफ असते. जुन्या चकतीच्या मीटरला दोन टक्के. ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ नावाचं मानक आहे, त्याची २०१३ ची आवृत्ती मी शोधून वाचली. शंभराच्या वर शुगर असेल तर पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतं, शंभराच्या खाली पंधरा आकडे. तेही शंभरातल्या पंच्याण्णव वेळा. उरलेल्या पाच वेळा काय, याचा विचार करत मी रात्री बराच वेळ जागा होतो. असं वीज मीटर माझ्या टेबलावर आलं असतं तर मी त्याला सील न लावता भंगारात टाकलं असतं.

आणि हे तर माणसांचं झालं. पुढच्या भेटीत मॅडमनी शिरेतून रक्त काढलं, राखाडी झाकणाच्या नळीत भरून लॅबला पाठवलं. राखाडीच का, हेही विचारून घेतलं. साध्या नळीत रक्तपेशी जिवंतच असतात, त्या साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के आकडा उतरतो. राखाडी नळीत फ्लोराइड असतं, त्याने पेशींची पंगत थांबते. त्याच सुईतला एक थेंब मी आमच्या मीटरला पाजला. मीटर म्हणालं २२१. लॅब म्हणाली २६८. साडेसतरा टक्के कमी. कारण असं की माणसाच्या रक्तातली साखर लाल पेशी आणि भोवतालचा द्रव या दोघांत बऱ्यापैकी वाटलेली असते, मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळी द्रवातच. माणसांचं मीटर माणसाचं गणित गृहीत धरून आकडा काढतं, म्हणून मांजराला ते कमीच दाखवतं. खास कुत्र्या-मांजरांसाठीची मीटरं असतात, त्यात मांजराचा कोड टाकला की हे गणित बदलतं. मी म्हटलं, मॅडम, तेच घेऊ. त्या म्हणाल्या, "घेऊ शकता. पण त्याच्या पट्ट्या मागवाव्या लागतील, आणि पट्टी महाग म्हणून तुम्ही दिवसाआड बघायला लागाल. त्यापेक्षा हेच मीटर, हाच कान, रोज."

मला ते पटलं नाही. पटायला क्लिनिकमधला एक दिवस लागला.

सकाळी इन्शुलिन दिल्यापासून बारा तास, दर दोन तासांनी शुगर बघायची, त्याला कर्व्ह म्हणतात. औषधाने आकडा किती खाली नेला, कधी नेला, कधी सोडला, हे त्यात दिसतं. पहिला कर्व्ह क्लिनिकमध्ये झाला. दाजी पिंजऱ्यात, समोरच्या पिंजऱ्यात एक लॅब्रॅडॉर, तो गप्प बसेना. आकडे: ३८८, ४०२, ३७९, ३९५. सपाट रेघ, जणू इन्शुलिन दिलंच नाही. मांजर घाबरलं की त्याची शुगर अशी चढते की निरोगी मांजरही मधुमेही वाटावं. तीन दिवसांनी तोच डोस, तेच इन्शुलिन, घरी. सकाळी सातला २९६, नऊला २४१, अकराला १६८, एकला १२४, तीनला १३९, पाचला २०१, सातला २७८. मी ते आलेखाच्या कागदावर काढलं. चांगली खोलगट परात. क्लिनिकचे आकडे खरे धरून डोस वाढवला असता, तर घरी दुपारी एक वाजता दाजी कुठे पोचले असते ते मी हिला सांगितलं नाही.

म्हणजे पंधरा-सतरा टक्के चुकणारं मीटर घरात बसून जे सांगतं, ते अचूक यंत्राला पिंजऱ्यात कळत नाही. हे लिहिताना माझ्यातला मीटर टेस्टिंगवाला अजून थोडा दुखावतो.

टोचायचं कसं, हे लोक सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून ते नीट सांगतो. माझा जुना सुती मोजा, त्यात दोन मुठी तांदूळ, तोंडाला गाठ. मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, बाळाच्या दुधासारखा. मग दाजींच्या कानाला अर्धा मिनिट. कान गरम झाला की शीर फुगते. मागून मोबाइलचा टॉर्च धरला की कान गुलाबी उजळतो आणि काठाकाठाने जाणारी बारीक शीर दिसते. शिरेवर टोचायचं नाही. शीर आणि कानाची कड यांच्या मध्ये जी दोन-तीन मिलिमीटरची पट्टी आहे, तिथे. टोचायच्या आधी व्हॅसलिनचं बोट अगदी पुसटसं फिरवायचं, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मोहरीसारखा उभा राहतो. कानाच्या मागे कापसाची घडी, नाहीतर सुई आरपार येऊन आपलीच शुगर मोजली जाते. (झालंय.) मग पट्टीचं टोक थेंबाला बाजूने लावायचं, वरून दाबायचं नाही. पट्टी रक्त ओढून घेते. पाच सेकंद. मग कापूस दहा सेकंद दाबून धरायचा, आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा. चिकन आकड्यानंतर, आधी नाही.

पहिले दोन आठवडे दहापैकी चार वेळा थेंबच आला नाही. टोचणी पेनचं ते 'टक्' ऐकून दाजी माझ्याकडे असं बघायचे, की मी त्यांच्या ताटात मूग वाढलेत. शेवटी पेन सोडलं, सुई नुसती हातात धरली, तेव्हा जमलं. हळूहळू कानही सरावला. आता एका टोचणीत काम होतं. माझा हात स्थिर नाही, साठी उलटली आहे, चष्मा दोन नंबरचा. मला जमलं म्हणजे बहुतेकांना जमेल.

हात धुवा. हे मी मुद्दाम वेगळं लिहितो. मे महिन्याच्या शेवटी, संध्याकाळचा आकडा आला ४१२. दुपारी दीडशेच्या आत होता. मी घाबरून मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, "काका, आत्ता काय करत होतात?" आंबे कापत होतो, देवगडची शेवटची पेटी. मग हात पुसले होते, सोवळ्यासारखे, पंचाला. साबणाने धुवून, दुसरी पट्टी लावली: १८७. सव्वादोनशे आकडे हापूसचे होते.

आणि दुसरी सूचना, मांजराला स्वतःचं मीटर द्या. सुरुवातीला आम्ही हिचंच वापरत होतो. जूनमध्ये ही तिच्या डायबेटिसच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेली. ते भले गृहस्थ, त्यांनी मीटरची मेमरी मागे-मागे चाळायला घेतली. कपाळावर आठ्या. "वहिनी, चार तारखेला दुपारी एकला सत्त्याण्णव, आणि संध्याकाळी सातला तीनशे दहा? आणि हे चारशे बारा?" हिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. ही म्हणाली, "ते आमचे दाजी आहेत." डॉक्टर म्हणाले, "मग त्यांना घेऊन या ना लगेच!" बोका आहे, हे सांगायला आम्हाला जरा वेळ लागला. त्याच संध्याकाळी टिळक रस्त्यावरून दुसरं मीटर आणलं. त्यावर मी जुन्या सवयीने स्टिकर लावला: ग्राहकाचं नाव, दाजी.

सिरिंजबद्दल लिहायला हवं, मीटरच्या परीक्षणात बसत नसलं तरी. सिरिंजने द्यायचं इन्शुलिन आपल्याकडे दोन ताकदीत येतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही दोन, चाळीसची लाल टोपीची आणि शंभरची केशरी टोपीची. आमचं ग्लार्जिन शंभरचं. एकदा एका दुकानात मी केशरी मागितली, काउंटरवरच्या मुलाने लाल दिली, आणि "काका, सेमच असते" असंही वर म्हणाला. सेम नसते. लाल सिरिंजवरची एक युनिटची रेघ म्हणजे ०.०२५ मिलिलिटर, केशरीवरची ०.०१. लाल सिरिंजने शंभरचं इन्शुलिन एक रेघ भरलं की मांजराच्या अंगात अडीच युनिट जातात. सहा किलोच्या जिवाला हा फरक थट्टेचा नाही. मी सिरिंज खिडकीपाशी नेऊन भिंगाने वाचली म्हणून कळलं. पिशवी परत केली, दुकान बदललं.

मीटरने स्वतःची किंमत वसूल केली ती ऑगस्टमधल्या एका रात्री. सातला जेवण, सातला इन्शुलिन, साडेआठला दाजींनी सगळं जेवण गादीवर ओकून काढलं. पोटात अन्न नाही आणि अंगात इन्शुलिन आहे. दिसायला काही नव्हतं, कोपऱ्यात गप्प बसले होते, एवढंच. ही म्हणाली, पोट बिघडलंय, झोपू द्या. मी नुसतं बघायचं म्हणून अकराला टोचलं: ५१. मॅडमनी आधीच लिहून दिलेला कागद फ्रिजवर होता. बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळला, मग जे खातील ते, म्हणजे मासे. फोन लावला. पंधरा मिनिटांनी ७४, आणखी अर्ध्या तासाने ९६. दोन वाजेपर्यंत दर अर्ध्या तासाला टोचत होतो, दाजींनी त्या रात्री एकदाही कान हिसकला नाही. सकाळचा डोस मॅडमच्या सांगण्यावरून गाळला. मीटर नसतं तर मी ते गप्प बसणं झोप समजून दिवा मालवला असता.

डोस आपल्या मनाने वाढवायचा-घटवायचा मोह फार होतो, विशेषतः ज्याने आकड्यांशी आयुष्य घालवलं त्याला. मी वही करून मॅडमना फोटो पाठवतो आणि गप्प राहतो. विसर्जनाच्या रात्री या गप्प राहण्याची परीक्षा झाली. केळकर रस्त्याने ढोल-ताशा चाललेला, खिडकीच्या काचा थरथरताहेत, दाजी पलंगाखाली चपट्या भाकरीसारखे. एरवी त्या वेळेला दोनशे-सव्वादोनशे असायचे, तेव्हा ३४१. तो आकडा दाजींचा नव्हे, पथकाचा होता. वहीत मी तसंच लिहिलं: "३४१, ढोल."

मधे भाच्याच्या आग्रहाने सेन्सरही लावून बघितला, माणसं दंडाला लावतात तो. खांद्यापाशी केस भादरून मॅडमनी चिकटवला. जवळपास पाच हजार रुपये. टोचायचं नाही, मोबाइल नुसता जवळ नेला की आकडा. रात्री दोन ते पाच काय होतं, हे पहिल्यांदा कळलं, आणि त्यासाठी तो चांगलाच आहे. पण तो रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून शुगर भराभर बदलत असेल तेव्हा मागे पडतो. कमी आकडा दाखवला तर कान टोचून खात्री करावीच लागते. माणसांच्या दंडावर चौदा दिवस टिकतो असं खोक्यावर लिहिलं होतं. पाचव्या दिवशी दाजींनी तो पायाने खरवडून काढला आणि धुण्याच्या बादलीत टाकला. वर्षातून एखादेवेळी, कर्व्हसाठी, परत लावेन.

उरलेलं थोडक्यात. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहू देऊ नका. पट्टी दमट झाली की आकडा भरकटतो. डबी उघडल्याची तारीख झाकणावर पेनने लिहा. मे महिन्यात वरच्या खोलीत मीटर तापून एरर दाखवतं, माठाशेजारी दहा मिनिटं ठेवलं की ताळ्यावर येतं. गुरुवारी वीज गेली तर फ्रिज उघडू नका, इन्शुलिनला काही होत नाही. कोरडं खाणं आम्ही बंद केलं, त्यात पिष्ट फार. आता ओलं आणि चिकन. काही मांजरांचं इन्शुलिन सुटतंही, विशेषतः लवकर आटोक्यात आलं तर. दाजींचं सुटलेलं नाही, अर्ध्या युनिटवर आलंय. मागचे पाय सरळ झाले, गच्चीपर्यंत जातात.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. अचूकतेला दोन, उपयोगाला पाच. पडद्यावरचे आकडे मोठे, ते बरं. पट्टीची डबी मात्र कुठल्या तरुण बोटांसाठी बनवली आहे कोण जाणे, माझ्या अंगठ्याचं नख दोनदा तुटलं.

एक तक्रार राहिली. पट्टीने रक्त ओढलं की मीटर 'टीं' करतं, आणि सुरुवातीला त्या आवाजाने दाजी उडी मारून पळायचे, अर्धी पट्टी वाया. आवाज बंद करता येतो हे मला सातव्या महिन्यात माहितीपुस्तिका पालथी घालताना सापडलं. बंद केला. तर दाजी कान देईनात. तोवर त्यांच्या लेखी 'टीं' म्हणजे चिकन झालं होतं. परत चालू केला. आता सकाळी ही स्वयंपाकघरात स्वतःची शुगर बघते, तिचं मीटर वाजलं की दाजी जिथे असतील तिथून येऊन ओट्याखाली बसतात. हिचा आकडा काहीही असो, चिकन द्यावं लागतं.